विल्सनचा आजार किती दुर्मिळ आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्सन हा शरीरात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार. मी जनुकीय समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या घरांना सगळ्यात आधी आकडे हवे असतात: हा किती जणांना होतो, आमच्याच घरात कसा आला, आता आणखी कुणाला होणार का. फॅमिली डॉक्टरही एक प्रश्न हमखास विचारतात: रोजच्या ओपीडीत हा शोधायचा तरी कुणात? दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

आजार नक्की काय आहे?

जेवणातून रोज थोडं तांबं पोटात जातं, आणि शरीराला ते लागतंही. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम करणारं प्रथिन एटीपी७बी नावाच्या जनुकामुळे तयार होतं. हे जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे आणि १९९३ मध्ये ते सापडलं. त्याच्या दोन्ही प्रती, म्हणजे आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, बिघडलेल्या असतील तर तांबं बाहेर पडत नाही. आधी ते यकृतात साठतं, मग रक्तातून मेंदू, डोळे आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतं.

लंडनमधले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तेव्हा त्यावर काहीच इलाज नव्हता. आज औषधं आहेत, आणि ती वेळेत सुरू झाली तर मूल शिकतं, नोकरी करतं, संसार करतं.

मग किती जणांना होतो?

पुस्तकांत वर्षानुवर्षं छापला जाणारा आकडा ३०,००० माणसांमागे एक असा आहे. त्यावरून हिशेब केला तर साधारण ९० माणसांमागे एक जण वाहक निघतो. वाहक म्हणजे जनुकाची एकच प्रत बिघडलेली असलेला, स्वतः ठणठणीत माणूस.

२०१३ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसामान्य लोकांच्या डीएनएमध्ये हे जनुक थेट वाचलं गेलं. त्यावरून दोन्ही प्रती बिघडलेली माणसं सुमारे ७,००० मागे एक असावीत असं निघालं, म्हणजे जुन्या आकड्याच्या चौपटीहून जास्त. इटलीच्या सार्डिनिया बेटावरही जवळपास हेच प्रमाण मानलं जातं. तिथे मात्र कारण वेगळं आहे: पिढ्यान्‌पिढ्या बेटातल्या बेटात लग्नं होत आली.

दोन आकड्यांत एवढी तफावत कशी? खरा कुठला?

दोन्ही खरे आहेत, ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिला निदान झालेले आजारी मोजतो, दुसरा जनुकात दोष असलेली माणसं. दोष असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. काहींचा दोष इतका सौम्य असतो की तांबं फारसं साठतच नाही. उरलेल्यांतले काही आजारी पडतात, पण त्यांना विल्सन आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘काविळीनं गेला’, ‘दारू पीत नव्हता तरी लिव्हर खराब झालं’, ‘डोक्यावर परिणाम झाला’ असं म्हणून ती घरं पुढे जातात. या दुसऱ्या गटातला प्रत्येक जण वाचू शकला असता, म्हणून मला या तफावतीची काळजी वाटते.

महाराष्ट्रात किती रुग्ण असतील?

भारतात या आजाराची लोकसंख्येवर आधारलेली मोठी मोजणी झालेली नाही, त्यामुळे इथे फक्त गणित मांडता येतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. ३०,००० मागे एक धरला तर सुमारे ३,७५० माणसं होतात. ७,००० मागे एक धरला तर सुमारे १६,०००.

आजार इथे नवा मुळीच नाही. मुंबईत दराब दस्तूर, नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्येच भारतातल्या १६ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या संस्थेत या रुग्णांवर अनेक दशकं काम चालू आहे. ‘हा परदेशातला आजार, आपल्याकडे कुठला’ असं अजूनही ऐकू येतं. त्यात तथ्य नाही.

‘दुर्मिळ’ म्हणायचं तरी कधी?

युरोपात १०,००० माणसांत ५ पेक्षा जास्त जणांना नसलेला आजार दुर्मिळ धरतात. अमेरिकेच्या १९८३ च्या कायद्यात देशभरात २ लाखांपेक्षा कमी रुग्ण ही मर्यादा आहे. विल्सन दोन्हींत बसतो. घरच्यांनी या व्याख्येत फार अडकू नये. ती औषधांचे कायदे आणि सरकारी मदत ठरवताना कामाला येते.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या सामान्य पेशंटमध्ये हा किती वेळा दिसेल?

दवाखान्याच्या सगळ्या वर्षांत ३०,००० वेगवेगळी माणसं येऊन गेली, तर सरासरीनं एक. तोही ओळखला गेला तर. म्हणून ‘मी आजवर एकही पाहिला नाही’ असं अनुभवी डॉक्टर म्हणतात तेव्हा ते खरंच असतं.

पण प्रमाण सांगताना ‘कुणांपैकी’ हे विचारलंच पाहिजे. रस्त्यावरून चाललेल्या माणसांत हा आजार फार विरळ. यकृत अचानक निकामी झालं म्हणून तातडीच्या प्रत्यारोपणासाठी पाठवलेल्या रुग्णांत मात्र ६ ते १२ टक्के विल्सनचे असतात, असं युरोपातल्या यकृततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि ज्या घरात एका मुलाला निदान झालंय तिथे सख्ख्या भावंडासाठी शक्यता चारात एक. आजार तोच, जनुक तेच. माणसांचा गट बदलला की प्रमाण हजारो पटींनी बदलतं. ‘दुर्मिळ आहे, कशाला तपासायचं’ हे वाक्य पहिल्या गटासाठी बरोबर आहे, दुसऱ्या गटासाठी धोक्याचं आणि तिसऱ्यासाठी अक्षम्य.

मग लिव्हरच्या प्रत्येक पेशंटची रक्ततपासणी करून टाकली तर?

हा प्रयोग झालेला आहे, आणि त्याचा निकाल प्रत्येक डॉक्टरनं लक्षात ठेवावा असा आहे. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. यकृताच्या तक्रारींसाठी आलेल्या २,८६७ रुग्णांच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन मोजलं. हे रक्तातलं तांबं वाहून नेणारं प्रथिन, आणि विल्सनमध्ये ते सहसा कमी असतं. १७ जणांत ते कमी आलं. पुढच्या तपासण्या झाल्यावर त्या १७ पैकी विल्सन निघाला फक्त एकाला.

उरलेल्या १६ जणांत कमी का आलं? हे प्रथिन यकृतातच तयार होतं, त्यामुळे कुठल्याही कारणानं यकृत फार थकलं की ते घटतं. कुपोषणात घटतं, लघवीवाटे प्रथिनं जात असतील तर घटतं. आणि वाहकांपैकी निदान २० टक्क्यांत ते कमी असतं. हे शेवटचं कारण मोठं आहे. ३०,००० सामान्य माणसं घ्या. त्यांत रुग्ण एक, वाहक सुमारे ३३३, आणि त्यातल्या सुमारे ६७ वाहकांचा रिपोर्ट ‘लो’ येणार. म्हणजे सरसकट तपासणीत एका खऱ्या रुग्णामागे ६७ निरोगी घरांची झोप उडणार.

उलटंही घडतं. शरीरात सूज किंवा संसर्ग असेल, बाई गरोदर असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर सेरुलोप्लाझ्मिन वर जातं आणि विल्सन असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसू शकतो. त्यामुळे एकट्या या कागदावर ‘आहे’ही म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका.

तर मग शंका कुणात घ्यायची?

साधारण ५ ते ३५ वर्षं वयाचा पेशंट आणि कारण न सापडलेली यकृताची तक्रार: परतपरत कावीळ, एन्झाइम वाढलेली, पोटात पाणी, सोनोग्राफीत मोठी प्लीहा. वयाची ही चौकट कडक नाही. काहींचं निदान चाळिशीनंतरही होतं. कावीळ आणि सोबत झपाट्यानं रक्त कमी होणं, कूम्ब्स चाचणी (शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर उलटलंय का हे बघणारी) निगेटिव्ह आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम विचित्रपणे कमी, असं चित्र असेल तर तासाभराचाही उशीर नको. अशा पेशंटला प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी हलवावं लागतं. गावाकडे अजूनही कावीळ उतरवायला, माळ घालायला नेतात. साध्या काविळीतून मूल आपोआप बरं होतं, म्हणून त्या माळेवर विश्वास बसतो. विल्सनच्या काविळीत तेच चार दिवस जिवावर बेततात.

दुसरा गट मेंदूच्या लक्षणांचा: हाताची थरथर, लाळ गळणं, बोलणं जड होणं, मान किंवा हात वाकडा होणं, चालताना तोल जाणं. तिसरा गट सगळ्यात जास्त हुकतो. हुशार मुलाचे मार्क घसरतात, स्वभाव तापट होतो, तो चिडतो, रडतो, एकटा बसतो. घरात म्हणतात वय आहे, नातेवाईक म्हणतात बाहेरचं आहे.

एका नववीतल्या मुलाची आई त्याच्या जुन्या वह्या पिशवीत घालून घेऊन आली होती. सातवीतलं अक्षर गोल, टपोरं. आठवीच्या सहामाहीनंतर ते बारीक होत गेलेलं, आणि पुढे शिरोरेषा अक्षरांना सोडून वरच्या वर तिरकी गेलेली. प्रत्येक चार पानांवर लाल शाईत शेरा: अक्षर सुधारा. कुठल्याही स्कॅनइतकाच तो पुरावा बोलका होता. वह्या टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांत तपकिरी कडं दिसतं म्हणतात. ते नसेल तर विल्सन नाही ना?

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला तांबं साठून सोनेरी, तपकिरी किंवा हिरवट कडं तयार होतं. त्याला कायझर-फ्लायशर कडं म्हणतात. ते आधी वरच्या बाजूला उमटतं, मग खाली, आणि शेवटी पूर्ण गोल होतं. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी, त्यामुळे सुरुवातीचं कडं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. बॅटरी मारून ‘काही नाही’ म्हणणं पुरेसं नाही. नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघून घ्यायला हवं.

मेंदूची लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांत हे कडं सापडतं. फक्त यकृताचा त्रास असलेल्यांत ते साधारण निम्म्यांनाच असतं, आणि लहान मुलांत अनेकदा नसतं. कडं नाही म्हणून विल्सन नाही, असं होत नाही.

निदान पक्कं कसं होतं?

एकाच तपासणीवर कुणी शिक्का मारत नाही. सेरुलोप्लाझ्मिन, डोळ्यांची तपासणी, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, गरज पडली तर यकृताचा तुकडा आणि जनुकीय चाचणी अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ठरलेल्या या गुणपद्धतीत ४ किंवा जास्त गुण झाले की निदान पक्कं धरतात. लघवीत दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून जास्त तांबं जाणं ही ठळक खूण. मुलांमध्ये ४० च्या वरही शंका घेतात.

लघवी गोळा करताना बहुतेक चुका होतात, म्हणून नीट सांगते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची दिवसाची आणि रात्रीची प्रत्येक लघवी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी, लॅबनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्येच. धातूचं भांडं मध्ये वापरायचं नाही. कॅन थंड जागी ठेवायचा. शाळेत किंवा ऑफिसात एकदा जरी राहून गेली तरी आकडा चुकतो, म्हणून सुट्टीचा दिवस निवडा. आणि एकदा चुकलं तर लपवू नका, लॅबला सांगून पुन्हा करा.

आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच नाही. मग आमच्याच मुलाला कसा?

बहुतेक घरांत असंच असतं. आई वाहक, वडील वाहक, दोघं धडधाकट. प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, दोष अजिबात न येण्याची चारात एक. पहिल्या मुलाला झाला म्हणून दुसरं सुटलं असं नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. दोष दोघांकडून आलेला असतो, तेव्हा ‘सुनेच्या माहेरचा आजार’ म्हणणाऱ्यांना हे स्पष्ट सांगा. माझ्यासमोर हे वाक्य आलं की मी आधी ते थांबवते, मग बाकीचं बोलते.

मामाच्या मुलीशी लग्न केल्यानं झाला का?

नात्यातलं लग्न दोष निर्माण करत नाही. तो आधीपासून घराण्यात असेल तर दोन बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता मात्र वाढवतं. बाहेरचा जोडीदार वाहक असण्याची शक्यता ९० मध्ये एक. वाहक माणसाचं आते-मामे भावंड तोच दोष घेऊन आलेलं असण्याची आठात एक. आपल्याकडे अनेक समाजांत ही लग्नं रीतीनं होतात, त्यामुळे ज्या घरात रुग्ण सापडलाय तिथे पुढची सोयरीक ठरवण्याआधी हा हिशेब समजून घ्या.

एकाला निघाला, बाकीची मुलं मस्त खेळताहेत. त्यांनाही तपासायचं?

हो. सगळ्या सख्ख्या भावंडांना, लगेच. त्रास नसला तरी, वयानं मोठं असलं तरी. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

यकृत वर्षानुवर्षं तांबं साठवत राहतं आणि मूल तोवर शाळेत पळत असतं. या टप्प्यावर गोळ्या सुरू झाल्या तर आजार दिसायच्या आतच थोपवता येतो. लक्षणांची वाट पाहिली तर पहिलंच लक्षण निकामी झालेलं यकृत असू शकतं. शिवाय एकाच घरात आजार दोन चेहरे दाखवतो: एका भावाचं लिव्हर बिघडतं, तर बहिणीचा आधी हात थरथरायला लागतो.

आजारी मुलाच्या जनुकातले दोन्ही दोष आधी शोधून घ्या. भारतात या जनुकाचे अनेक वेगवेगळे दोष सापडतात, म्हणून पहिल्या चाचणीत सगळं जनुक वाचावं लागतं. ते एकदा सापडले की भावंडांत फक्त तेवढेच दोन बघायचे असतात, आणि उत्तर स्वच्छ येतं: आजारी, वाहक किंवा दोषमुक्त. निरोगी निघालेलं भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. वाहकाला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही. त्याला आजारी म्हणून वाढवू नका.

जन्मतःच सगळ्या बाळांची तपासणी का होत नाही?

पहिले काही महिने प्रत्येक निरोगी बाळातही सेरुलोप्लाझ्मिन कमीच असतं. त्या वयात ही चाचणी काही सांगत नाही.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यानं हा आजार होतो का?

नाही. विल्सन जनुकातून येतो. ज्याला तो आहे त्यानं मात्र तांब्याच्या कळशीतलं पाणी प्यायचं नाही, आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवलेलं किंवा साठवलेलं काही खायचं नाही.

ही शंका आपल्याकडे येते त्याला इतिहास आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांना होणारा यकृताचा एक वेगळा, जीवघेणा आजार पूर्वी भारतात बराच होता: इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. त्या बाळांच्या यकृतात प्रचंड तांबं सापडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात घराघरांतल्या सवयी विचारून बघितल्या. आजारी बाळांना लहान वयातच वरचं दूध सुरू झालेलं असे, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असे. भांडी बदलली, स्टील आलं, अंगावरच्या दुधाचा आग्रह वाढला, आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात अशीच १३८ बाळं दगावली होती; तिथेही भांडी बदलल्यावर आजार थांबला. हा आजार वेगळा, विल्सन वेगळा. दुधाचं भांडं बदलून विल्सन टळत नाही.

औषध किती दिवस? पथ्य काय?

औषध जन्मभर. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामिन वापरात आणलं. ते तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढतं, आणि त्यासोबत बी६ जीवनसत्त्व देतात. ट्रायएन्टिन हे दुसरं औषध, ते महाग. जस्ताच्या गोळ्या आतड्यातून तांबं शोषलं जाऊ देत नाहीत. सगळी औषधं रिकाम्या पोटी, जेवणापासून अंतर ठेवून घ्यायची. सुरुवातीला काही जणांची थरथर वाढते. तेव्हा स्वतः गोळी बंद न करता डॉक्टरांना फोन करा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडलेल्या रुग्णांची यकृतं काही महिन्यांत कोलमडलेली आहेत. गरोदरपणातही औषध थांबवत नाहीत, फार तर डोस कमी करतात.

पथ्यात कलेजी, कालवं, तिसऱ्या, खेकडे, काजू, तीळ, मशरूम, चॉकलेट टाळायचं, निदान पहिलं वर्षभर. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांना हे जड जातं, मला ठाऊक आहे. संक्रांतीला मुलाच्या हातावर तिळगुळाऐवजी नुसता गूळ ठेवा. पथ्य औषधाची जागा घेत नाही.

पुढे लग्न, मुलंबाळं होतील का? त्यांना आजार येईल का?

आजार काबूत असेल तर लग्न आणि मुलं दोन्ही होतात. रुग्णाकडून प्रत्येक मुलाला एक बिघडलेली प्रत मिळणारच, त्यामुळे सगळी मुलं निदान वाहक असतात. मूल आजारी असण्याची शक्यता जोडीदारावर ठरते. जोडीदार नात्याबाहेरचा असेल तर ती २०० मध्ये एकाच्या आसपास. तो रुग्णाचं चुलत, आते किंवा मामे भावंड असेल तर आठात एक. जोडीदाराची जनुकीय चाचणी लग्नाआधी किंवा गर्भधारणेआधी करून घेतली की यातलं अंदाजाचं फारसं काही उरत नाही.

कुणाकडे जायचं?

मुलांसाठी बालरोगतज्ज्ञामार्फत पोटविकार किंवा यकृततज्ज्ञाकडे, थरथर किंवा बोलण्याचा त्रास असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे, आणि दोन्हींत स्लिट लॅम्पसाठी नेत्रतज्ज्ञाकडे. खासगी परवडत नसेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. घरात विल्सनचा एक रुग्ण असेल तर केसपेपर काढतानाच सांगा, आणि भावंडांनाही त्याच दिवशी बरोबर घेऊन जा.